पीटर फॉक: आधी कोलंबो की आधी कॅसाव्हेटीस?

गेल्या दिवाळीत माझ्या मामेबहिणीने मला एक सरळ प्रश्न विचारला. रात्री जेवणं उरकली, ओटा आवरला की तिला तास-दीड तास स्वतःचा मिळतो. खुनाच्या गोष्टी तिला मनापासून आवडतात, पण रक्तबंबाळ काही दिसलं की ती उठून आत जाते. "तू त्या अमेरिकन नटाचं, पीटर फॉकचं एवढं सांगत असतोस, तर मी सुरुवात कुठून करू?" मी 'कोलंबो', म्हणजे फॉकने पोलीस डिटेक्टिव्ह रंगवलेली टीव्ही मालिका, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तिचा मुलगा मध्ये पडला. तो सिनेमाचा अभ्यास करतो. "मामा, कोलंबो काय, कधीही बघेल ती. फॉक खरा बघायचा असेल तर त्याच्या दिग्दर्शक मित्राचे, जॉन कॅसाव्हेटीसचे सिनेमे. आईला थेट तिथेच जाऊ दे."

वाद रंगला, पण ताईला उत्तर काही मिळालं नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि तिच्यासारख्या अनेकांना हाच प्रश्न पडत असेल, म्हणून इथे सविस्तर लिहितो. कुठल्याही रहस्यकथेचा शेवट सांगणार नाही.

आधी माणूस

पीटर फॉकचा जन्म १९२७ सालचा, न्यूयॉर्कचा. तीन वर्षांचा असताना डोळ्याच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला आणि तिथे कृत्रिम डोळा बसवला गेला. मान कलती करून, डोळा बारीक करून बघण्याची कोलंबोची जी लकब जगभर लोक नकलेत उचलतात, तिचं मूळ या ऑपरेशनमध्ये आहे. एका डोळ्याच्या माणसाला सैन्यात जागा नव्हती, म्हणून तो मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी म्हणून गेला. परत येऊन शिकला आणि १९५३ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली. नोकरी लागली ती कनेटिकट राज्य सरकारच्या अंदाजपत्रक विभागात, हार्टफर्ड शहरात. सरकारी कामात वेळ आणि पैसा कुठे वाया जातो, ते शोधायचं काम.

नोकरी सांभाळून तो हौशी नाटकं करायचा. पुढे ईव्हा ल गॅलियन या नामवंत अभिनेत्रीच्या वर्गाला जायला लागला. वर्ग व्यावसायिक नटांसाठी होता आणि हा नेहमी उशिरा पोहोचायचा. बाईंनी कारण विचारलं, तेव्हा हार्टफर्डहून गाडी चालवत यावं लागतं, हे सांगावं लागलं. आपण नट नाही, हेही कबूल करावं लागलं. मग व्हायला हवं, असं बाई म्हणाल्या. त्याने राजीनामा दिला आणि १९५६ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, न्यूयॉर्क गाठलं. आपल्याकडे एसीपी प्रद्युम्न झालेल्या शिवाजी साटम यांनीही आधी बँकेत नोकरी केली होती. टेबलापलीकडच्या माणसाचं बोलणं दिवसभर ऐकून घेण्याची सवय पुढे पडद्यावर उपयोगी पडत असावी, असं मला नेहमी वाटतं.

फॉकचा जम लवकर बसला. 'मर्डर, इन्कॉर्पोरेटेड' (१९६०) मधल्या भाडोत्री मारेकऱ्यासाठी आणि पुढच्याच वर्षी फ्रँक काप्राच्या 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स'साठी त्याला सहायक अभिनेत्याची ऑस्कर नामांकनं मिळाली. १९६२ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका नाट्यासाठी एमी हा टीव्ही क्षेत्रातला पुरस्कार मिळाला. म्हणजे कोलंबोने फॉकला घडवलं, हे अर्धंच खरं. कोलंबो आला तेव्हा नट तयार होता.

पहिलं दार: कोलंबो

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक हे शाळेपासूनचे मित्र. दोघांनी मिळून ही व्यक्तिरेखा लिहिली. १९६० मध्ये ती दूरचित्रवाणीवर दुसऱ्याच नटाने केली, मग तिचं रंगमंचावर नाटक झालं. त्याच नाटकावरून १९६८ मध्ये 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' हा दूरचित्रपट झाला, तेव्हा कोलंबोचा तो चुरगळलेला कोट फॉकच्या अंगावर आला. हा कोट त्याचा स्वतःचा, घरून आणलेला. जुनाट 'प्यूजो ४०३' गाडीही स्टुडिओच्या आवारातून त्यानेच निवडली. मालिका म्हणून 'कोलंबो' एनबीसी वाहिनीवर १९७१ ते १९७८ चालली आणि १९८९ ते २००३ या काळात एबीसीवर परत आली. सगळे मिळून ६९ भाग.

नव्या प्रेक्षकाला एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपण 'व्योमकेश बक्षी' पाहिला, 'सीआयडी' पाहिला. तिथे खून कोणी केला ते शेवटी कळतं. कोलंबोत ते पहिल्या काही मिनिटांतच कळतं. खुनी कोण, त्याने कसा बेत आखला, कुठली खोटी साक्ष उभी केली, सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडतं. नायक मात्र पंधरा-वीस मिनिटं फिरकतच नाही. ताईने पहिला भाग लावला तेव्हा मला फोन केला होता, की अरे, यात फॉक कुठे आहे? थांब, येईल, म्हटलं. येतो तो चुरगळलेल्या कोटात, खिशात उकडलेलं अंडं घेऊन, पेन्सिल हरवून, आणि समोरच्या श्रीमंत माणसाला वाटतं की हा काय पकडणार मला.

तिथून पुढे सगळा खेळ दोन माणसांच्या बोलण्याचा. गोळीबार नाही, पाठलाग नाही, रक्त जवळपास नाहीच. कोलंबोकडे पिस्तूल क्वचितच असतं. तो बायकोच्या गोष्टी सांगतो, जी आपल्याला कधीच दिसत नाही. खुन्याच्या कामाचं कौतुक करतो, आणि खरं कौतुक करतो. उंबरठ्यापर्यंत जातो, थबकतो, कपाळाला हात लावतो आणि "आणखी एकच गोष्ट" म्हणत मागे फिरतो. ही लकबही अपघाताने आली. नाटक लिहिताना एक प्रवेश लवकर संपला होता, अख्खं पान परत टाइप करण्यापेक्षा लेखकांनी त्याला दारातून परत बोलावलं, असं लिंक सांगत असे.

एक भाग साधारण सव्वा ते दीड तासाचा, कथा त्यातच पूर्ण. मागचं काही आठवावं लागत नाही. दिवसभर दमलेल्या माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे, आणि सिनेमाचा अभ्यास करणारी मुलं तिची किंमत कमी लावतात.

आता या मालिकेतली माणसं बघा. पहिल्या हंगामाचा पहिला भाग 'मर्डर बाय द बुक' (सप्टेंबर १९७१). दिग्दर्शक चोवीस वर्षांचा स्टीव्हन स्पीलबर्ग, पटकथा स्टीव्हन बॉचको याची, आणि खुनी जॅक कॅसिडी. जोडीने रहस्यकथा लिहिणाऱ्या दोन लेखकांपैकी एक दुसऱ्याला संपवतो. कॅसिडी पुढे आणखी दोनदा खुनी म्हणून परत आला. रॉबर्ट कल्प तीनदा खुनी झाला. पॅट्रिक मॅकगूहन चार वेळा खुनी झाला, त्यातल्या दोन भागांसाठी त्याला एमी मिळाली, आणि त्याने मालिकेचे काही भाग दिग्दर्शितही केले. तोच तो नट दर वेळी नव्या नावाने खुनी म्हणून समोर येतो, हे सुरुवातीला विचित्र वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कळतं की इथे बघायचं ते सवाल-जवाब. तमाशात तीच जोडी नवा सवाल घेऊन उभी राहते, तेव्हा प्रेक्षक चेहरे जुने म्हणून तक्रार करत नाही.

मला विचाराल तर सर्वांत उत्तम जोडी डोनाल्ड प्लेझन्ससोबतची, 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म' (१९७३) मधली. प्लेझन्स यात वाइन बनवणारा आहे, वाइनवर स्वतःच्या भावापेक्षा जास्त प्रेम करणारा. कोलंबो त्याला पकडण्यासाठी वाइन शिकतो आणि शिकता शिकता त्या माणसाचा आदर करायला लागतो. खुनी आणि पोलीस एकमेकांशी इतक्या मायेने बोलतात की आपण कोणाच्या बाजूचे, ते विसरायला होतं. 'ट्राय अँड कॅच मी' (१९७७) मध्ये रुथ गॉर्डन वृद्ध रहस्यकथा-लेखिका आहे. ती कोलंबोला ऐन वेळी महिलांच्या एका मेळाव्यात बोलायला उभं करते. तो अडखळत बोलतो, आणि आपल्याला भेटलेल्या काही खुनी माणसांविषयीसुद्धा जिव्हाळा वाटला, असं सांगून जातो. गुन्हा माफ नाही, पण माणूस समजून घ्यायचा. ही वृत्ती फॉकने मालिकाभर सांभाळली.

उलट बाजू बघायची असेल तर 'अ स्टिच इन क्राइम' (१९७३). समोर लिओनार्ड निमॉय, थंड डोक्याचा सर्जन. इथे कोलंबोचा नेहमीचा संयम सुटतो आणि तो टेबलावर भांडं आपटतो. एवढ्या वर्षांच्या नम्रतेखाली काय दडलेलं असतं, ते एका क्षणात दिसतं. पुढच्या मुद्द्यासाठी हा क्षण लक्षात ठेवा.

जुना की नवा?

यावर फार वेळ घालवायचं कारण नाही. आधी जुना, म्हणजे सत्तरच्या दशकातला. एबीसीवर परतलेल्या कोलंबोत फॉक साठी ओलांडलेला होता, लकबी ठळक झाल्या होत्या, कथा लांबवलेल्या वाटतात. १९९२ च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये तर खूनच नाही, अपहरण आहे, मालिकेचा साचाच मोडला आहे. तरी नव्यातले दोन-तीन भाग सोडू नका. 'अजेंडा फॉर मर्डर' (१९९०) मॅकगूहनमुळे. 'कोलंबो गोज टू कॉलेज' (१९९०) यासाठी की त्यात खुनी दोन मस्तवाल विद्यार्थी आहेत आणि कोलंबो त्यांच्यापुढे शिक्षक म्हणून उभा राहतो. आणि 'इट्स ऑल इन द गेम' (१९९३), कारण तो फॉकने स्वतः लिहिला आहे. त्यात फे डनवेसमोर कोलंबो एका वेगळ्याच पेचात सापडतो. हा भाग मात्र अगदी शेवटी ठेवा. कोलंबोशी जुनी ओळख असल्याशिवाय तो पोहोचत नाही.

दुसरं दार: कॅसाव्हेटीस

जॉन कॅसाव्हेटीस हा नट आणि दिग्दर्शक. दुसऱ्यांच्या सिनेमांत कामं करून पैसे मिळवायचे आणि ते स्वतःच्या सिनेमात घालायचे, ही त्याची रीत. बायको जीना रोलंड्स मुख्य भूमिकेत, आई आणि सासू छोट्या भूमिकांत, मित्र कॅमेऱ्यामागे, चित्रीकरण राहत्या घरांत. फॉक या कुटुंबात 'हजबंड्स' (१९७०) पासून आला. कॅसाव्हेटीस, बेन गॅझारा आणि फॉक हे तीन मित्र, चौथा मित्र वारतो, आणि अंत्यसंस्कारानंतर हे तिघे घरी न जाता पीत, भांडत, भटकत थेट लंडनला पोहोचतात. सुरुवात इथून करू नका, असं मी ताईला निक्षून सांगितलं. दारूच्या गुत्त्यातलं गाण्यांचं दृश्य इतकं लांबतं की अंगावर येतं, आणि या पुरुषांचं बायकांशी वागणं बघवत नाही. दिग्दर्शकाला तसंच दाखवायचं होतं, हे मान्य. पण पहिल्या भेटीत ते सोसवत नाही.

सुरुवात करायची तर 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' (१९७४) पासून. या सिनेमाला पैसा द्यायला कोणी तयार नव्हतं. फॉकने स्वतःचे सुमारे ५ लाख डॉलर घातले. पुढे वितरकही मिळेना, तेव्हा कॅसाव्हेटीसने चित्रपटगृहांशी स्वतः बोलून सिनेमा लावला. जीना रोलंड्सला अभिनयासाठी आणि कॅसाव्हेटीसला दिग्दर्शनासाठी ऑस्कर नामांकन मिळालं. फॉकचं नाव त्या यादीत नव्हतं. मला ती चूक आजही बोचते.

फॉक यात निक लाँगेटी आहे, रस्त्या-पाइपलाइनच्या कामावरचा मुकादम. बायको मेबल (रोलंड्स) मनाने हळवी, वागण्यात कधी कधी तोल जाणारी. रात्रपाळी संपवून निक सकाळी अख्ख्या टोळीला घरी आणतो. मेबल सगळ्यांना स्पॅगेटी करून वाढते. लांब टेबल, दमलेले कामगार, एक जण गाणं म्हणतो. मेबल आनंदाने भरून जाते आणि एका क्षणी थोडी जास्तच मोकळी होते. निकचा आवाज चढतो. टेबलावर शांतता पसरते, माणसं खाली बघत खायला लागतात. आपल्यापैकी कितीतरी घरांत ही शांतता लोकांनी अनुभवली असेल: पाहुण्यांसमोर घरचा पुरुष ओरडला की चमच्यांचे आवाज मोठे वाटायला लागतात.

निक बायकोवर प्रेम करतो, यात शंका नाही. तू जशी आहेस तशी राहा, असं तो तिला ओरडून सांगतो, आणि ओरडून सांगितल्यामुळेच ते अशक्य होऊन बसतं. तिला इस्पितळात ठेवल्यावर तो मुलांना शाळेतून उचलतो आणि समुद्रावर नेतो. मजा करायची, एवढंच त्याच्या डोक्यात. मुलांशी बोलायचं काय, ते त्याला सुचत नाही. परतताना ट्रकमध्ये त्यांना बिअरचे घोट देतो. खलनायक नव्हे, वाईट माणूसही नव्हे. ज्याला हात उगारण्याखेरीज आणि आवाज चढवण्याखेरीज दुसरी भाषाच कोणी शिकवली नाही, असा नवरा.

इशारा म्हणून सांगतो: रक्त नाही, पण मारहाण आहे, आणि ती मुलांसमोर होते. सिनेमा सुमारे अडीच तासांचा आहे. मध्ये थांबवून दुसऱ्या रात्री पुढे बघू नका, धार जाते. रविवारची दुपार काढा.

तिसरा सिनेमा 'मिकी अँड निकी' (१९७६). हा कॅसाव्हेटीसचा नाही, एलेन मे हिने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला. कॅसाव्हेटीस आणि फॉक हे बालपणापासूनचे मित्र, आता छोटे गुंड, फिलाडेल्फियातली एक रात्र. निकीने टोळीचे पैसे लाटलेत आणि जिवाच्या भीतीने तो हॉटेलच्या खोलीत लपलाय. तो मिकीला, म्हणजे फॉकला, बोलावतो. निकीच्या पोटात अल्सर पेटलेला. मिकी त्याच्यासाठी साय-दूध आणायला उपाहारगृहात जातो आणि काउंटरवरचा माणूस अडवाअडवी करतो म्हटल्यावर त्याच्या अंगावर धावून जातो. मित्रावरची इतकी माया आणि इतकी हिंसा, एकाच माणसाच्या अंगात, एकाच मिनिटात. रहस्यकथेची आवड असलेल्याला कॅसाव्हेटीसच्या वर्तुळात शिरायचं असेल तर ही वाट जास्त जवळची. यात ताण आहे, आणि हा मित्र नेमका कशासाठी आलाय, हा प्रश्न आहे.

दोघं शेजारी शेजारी

भाच्याचं म्हणणं असं, की कोलंबोत फॉक एक मुखवटा घालतो, आणि कॅसाव्हेटीसकडे तो मुखवटा उतरतो. मला हे पटत नाही. कोलंबो आणि निक लाँगेटी ही एकाच माणसाची दोन टोकं आहेत, आणि फरक कानांचा आहे.

कोलंबो ऐकतो. सगळे त्याचा कोट आणि बोलणं लक्षात ठेवतात, पण त्याचं खरं काम समोरचा बोलत असताना चालतं. कल्प, कॅसिडी, मॅकगूहन लांबलचक, ऐटीत बोलत असतात आणि कॅमेरा फॉकवर येतो, तेव्हा बघा. एखादा शब्द खटकला की पापणी हलते. लगेच काही म्हणत नाही. शब्द खिशात ठेवतो आणि अर्ध्या तासाने दारातून परत येऊन काढतो. समोरच्याची आवड, त्याचा धंदा, त्याचा अहंकार, सगळं त्याने ऐकून ठेवलेलं असतं.

निक ऐकत नाही. त्याचे कान आहेत, प्रेम आहे, पण मेबल बोलायला लागली की तो आधीच घाबरलेला असतो, लोक काय म्हणतील म्हणून. तिचं वाक्य संपायच्या आत त्याचा आवाज सुरू होतो. तोच चेहरा, तोच कलता डोळा, तेच हातवारे, आणि तरी हा माणूस स्वतःच्या बायकोला काय हवंय, तेवढं सोडून सगळं बोलतो. 'अ स्टिच इन क्राइम'मध्ये टेबलावर भांडं आपटलेला कोलंबो आठवतोय ना? निककडे तो एक क्षण अख्खा सिनेमाभर आहे.

म्हणूनच कोणतं श्रेष्ठ, हा प्रश्न मला फोल वाटतो. पण कोणतं आधी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आधी कोलंबोचं ऐकणं अंगात भिनलेलं असेल, तरच निकचं न ऐकणं काय आहे, ते जाणवतं. उलट क्रमाने गेलं तर निक म्हणजे आणखी एक तापट नवरा वाटून जाईल.

या दोन जगांना जोडणारा एक भाग आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या निर्णयाची किल्ली तोच. 'एट्यूड इन ब्लॅक', सप्टेंबर १९७२, दुसऱ्या हंगामाचा पहिला भाग. खुनी आहे खुद्द कॅसाव्हेटीस, एका वाद्यवृंदाचा प्रसिद्ध संचालक. बायकोच्या घराण्यामुळे मोठा झालेला, आणि प्रेयसी ते सगळं मोडेल म्हणून तिला मारणारा. कोटाला लावलेलं फूल पडतं आणि तिथून गाठ सुटायला लागते. कोलंबो त्याच्या आलिशान घरात येतो, घर कितीला घेतलं, कर किती भरता असं विचारत कागदावर हिशेब मांडतो, आपल्या पगारात हे घर घ्यायला किती वर्षं लागतील. हार्टफर्डच्या अंदाजपत्रक विभागातला कर्मचारी इथे मला हटकून दिसतो. कॅसाव्हेटीसचं हसू हळूहळू आटत जातं. दोन जिवलग मित्र एकमेकांना कोंडीत पकडत आहेत, आणि दोघांनाही त्यात मजा येते आहे. कोलंबोचा तो सुस्त, लांब कानांचा बॅसेट हाउंड कुत्राही पहिल्यांदा याच भागात येतो.

मैत्री इथेच थांबली नाही. जीना रोलंड्स 'प्लेबॅक' (१९७५) मध्ये खुन्याच्या पत्नीच्या भूमिकेत आली. बेन गॅझाराने कोलंबोचे दोन भाग दिग्दर्शित केले: 'अ फ्रेंड इन डीड' (१९७४), ज्यात खुनी कोलंबोचाच वरिष्ठ अधिकारी आहे, आणि 'ट्रबल्ड वॉटर्स' (१९७५), जो सुट्टीच्या जहाजावर घडतो. तिथे प्रयोगशाळा नाही, म्हणून कोलंबो पेन्सिलीच्या शिशाची पूड वापरून बोटांचे ठसे उमटवतो. म्हणजे एका बाजूला हे मित्र पदरमोड करून कोणी न मागितलेले सिनेमे करत होते आणि दुसऱ्या बाजूला लाखो घरांत पोहोचणाऱ्या मालिकेत येऊन एकमेकांना हात देत होते. दोन जगं वेगळी, असं आपण म्हणतो. ती माणसं तसं मानत नव्हती.

आणखी काही वाटा

विनोदाची आवड असेल तर 'द इन-लॉज' (१९७९). ॲलन आर्किन सरळमार्गी दंतवैद्य, फॉक त्याचा होणारा व्याही. आपण सीआयएसाठी काम करतो असं सांगणारा हा व्याही त्याला एका भानगडीत ओढतो. दोन व्याही एकमेकांचे नसलेले गुण सहन करतात, हे मराठी घराला समजावून सांगावं लागत नाही. लहान मुलं सोबत असतील तर 'द प्रिन्सेस ब्राइड' (१९८७). यात फॉक आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा आहे.

आणि विम वेंडर्सचा 'विंग्ज ऑफ डिझायर' (१९८७). भिंतीने दुभंगलेलं बर्लिन. फॉक स्वतःचीच भूमिका करतो: चित्रीकरणासाठी आलेला अमेरिकन नट, ज्याला रस्त्यावरची पोरं कोलंबो म्हणून ओळखतात. तो टपरीवर उभा राहून कॉफी पितो आणि त्याला न दिसणाऱ्या देवदूताशी बोलतो. तू दिसत नाहीस, पण तू इथे आहेस हे मला कळतंय, असं सांगतो. थंडीत हात एकमेकांवर चोळले की किती बरं वाटतं, हेही सांगतो. समोर कोणी नसतानाही ऐकणारा कोलंबोच तो. हा सिनेमा कोलंबोचे आठ-दहा भाग पाहिल्याखेरीज बघू नका. त्या टपरीवरच्या दृश्याची अर्धी ऊब जुन्या ओळखीतून येते.

मग कोणी काय निवडावं

रात्रीचा तास-दीड तासच मिळत असेल, घरात वेगवेगळ्या वयाची माणसं एकत्र बसत असतील, किंवा इंग्रजी कानाला अजून सरावाचं नसेल, तर निःशंक जुना कोलंबो. उच्चार समजायला सोपे, सबटायटल लावले तर अडचणच नाही. 'मर्डर बाय द बुक', मग 'एट्यूड इन ब्लॅक', मग 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म'. हे तीन आवडले नाहीत तर उरलेले ६६ बघण्याचा आग्रह मी धरणार नाही.

नाटकात काम केलेलं असेल, अभिनय शिकत असाल, तर भाच्याचं ऐका, पण अर्धंच. 'एट्यूड इन ब्लॅक' आधी, त्याच आठवड्यात 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स', नंतर 'मिकी अँड निकी'. 'हजबंड्स' सर्वांत शेवटी.

ज्यांच्या घरात मानसिक आजाराचा अनुभव ताजा आहे, त्यांना 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' एकट्याने बघू नका, एवढंच सांगेन. सोबत असं माणूस ठेवा, ज्याच्याशी नंतर बोलता येईल.

ताईने माझा क्रम घेतला. कोलंबोचे चौदा भाग तिने हिवाळ्यात संपवले, आणि मार्चमधल्या एका रविवारी दुपारी मुलाला शेजारी बसवून निक-मेबलचा सिनेमा पाहिला. संध्याकाळी तिचा फोन आला. मला वाटलं, इस्पितळाच्या प्रसंगाविषयी बोलेल, नाहीतर त्या जेवणाच्या टेबलाविषयी. ती बोलली शेवटाविषयी. एवढं सगळं होऊन गेल्यावर, मुलं झोपल्यावर, दोघं नवरा-बायको टेबल आवरतात, पलंग ओढतात, चादर घालतात, फोन वाजत राहतो आणि कोणी उचलत नाही. "आवरताना तो एकदाही ओरडला नाही रे," ताई म्हणाली. मग थोडं थांबून तिने विचारलं, त्या वाइनवाल्याचा भाग कितवा होता, तो परत बघायचाय.